ऐकून घेणारी दिंडी



स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हांला निरोप धाडला, "बुवा, तुम्ही जुने. दिंडीचा इतिहास तुम्ही लिहा." आता दिंडी कोणी काढली, पहिली वीणा कुणाच्या गळ्यात पडली, कोणत्या गावाची पंगत कुणाकडं, हे सगळं दुसऱ्या लेखांत येणारच आहे, आणि ते लिहिणारे आमच्यापेक्षा शिकलेले आहेत. आम्ही चौथी पास. शेती करतो, आणि गुरुकृपेनं कीर्तनाला उभे राहतो. म्हणून ज्याची वहीत नोंद नाही अशा गोष्टीचा इतिहास लिहायचं आम्ही ठरवलं.

जेष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून निघते. तिथून पंढरपूरपर्यंत अठरा-एकोणीस दिवस माणूस माणसाशेजारी चालतो. भजन चालू असतं तोवर टाळ वाजतो, आणि विसाव्याला टाळ खाली ठेवला की तोंड सुरू होतं. काय बोलतात माणसं? पोरीचं जमंना. गाय आटली. कपाशीत बोंडअळी शिरली. धाकटा भाऊ दरसाल बांध कोरतो. ह्यात वेदांत कुठंच नाही. शंभर वर्षं आपली दिंडी हेच बोलत चालली आहे आणि हेच ऐकत चालली आहे. ह्या ऐकण्याला परंपरा आहे, आणि ती आपल्या सांप्रदायात फार जुनी आहे, एवढं ह्या लेखात सांगायचं आहे.

ज्यांनी आळंदीहून माउलींच्या सोहळ्यात वाटचाल केली असेल त्यांनी संध्याकाळची समाजआरती पाहिली असेल. आपल्या दिंडीतल्या पुष्कळांनी पाहिलेली नाही, कारण आपली वाट पैठणची. आम्ही दोन वर्षं तिकडून चाललो, तेव्हा पाहिली. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर करतात, आणि एवढा मोठा गजर एका क्षणात थांबतो. लहान लेकरू रडलं तर तेवढं ऐकू यावं अशी शांतता. पण कधी कधी एका कोपऱ्यात एका दिंडीचा टाळ तसाच वाजत राहतो. नवख्या माणसाला वाटतं, ह्यांना चोप दिसला नाही का? तसं नसतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं टाळ थांबवायचा नाही, अशी रीत आहे. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपाशी जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात, तिथंच निवाडा करतात. मग तो टाळ थांबतो. त्यानंतर कुणाचं काय हरवलं, कुणाला काय सापडलं ते पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात. आणि मग आरती.

वाचकहो, क्रम बघा. आधी तक्रार, मग हरवलेला चष्मा, आणि त्याच्या मागून देवाची आरती. लाखाचा समाज खोळंबलेला, पालखीत साक्षात माउलींच्या पादुका, तरी चाळीस माणसांच्या एका दिंडीचं गाऱ्हाणं ऐकल्याशिवाय आरती होत नाही. तक्रार म्हणजे तरी काय असते? आमचा क्रम मोडला, आम्हांला मागं ढकललं, पाणी मिळालं नाही. मोठी कोर्टकज्जाची बाब नसते. पण ती ऐकायची.

माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी, साताऱ्याकडच्या आरफळच्या. शिंदे सरकारच्या पदरी नोकरी केलेला माणूस. फौजेचा तळ कसा पडतो आणि कसा उठतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. फौजेत वरचा हुकूम खाली येतो. सोहळ्यात मात्र खालचा टाळ वर ऐकू जातो. आळंदीच्या महाद्वारात पायरी आहे हैबतबाबांची. आत जाताना आपण तिला नमस्कार करतो, तेव्हा ही गोष्टही आठवावी.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. आम्ही कीर्तनकार लोक हे सोयीनं विसरतो, कारण आमच्या हातात बोलण्याचं काम. पण माउलींनीसुद्धा नवव्या अध्यायाला हात घालताना आधी श्रोत्यांकडं अवधान मागितलं. आपल्या पैठणपासून नेवासं काही लांब नाही. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. खांबाला टेकून माउली सांगतात आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेतात. तो पैस खांब आजही नेवाशाला आहे. सच्चिदानंदबाबा नसते तर ज्ञानेश्वरी वाऱ्यावर गेली असती. तुकोबारायांचे अभंग लिहून घेणारे संताजी जगनाडे तेली, आणि गंगारामपंत मवाळ. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असं परंपरा सांगते. ज्याची सावली नको म्हणायचे त्याचं बोलणं एक भट बसून उतरवून घेतो, ह्याचा विचार करावा. आणि जनाबाईंचं कोणी लिहून घेतलं? तर प्रत्यक्ष पांडुरंगानं, असं संत सांगून गेले.

ह्यात आम्हांला एक खूण दिसते. गंगाखेडची दामाशेटीच्या घरी राहिलेली एक दासी. शेणगोठा करते, दळते, कांडते. तिला सांगायला दुसरं काय असणार? दळणाचं, केर काढण्याचं, डोईतल्या उवांचं. हे ऐकायला घरात कुणाला वेळ नाही. म्हणून तिनं देवाला जात्यापाशी बसवलं आणि त्याला सांगितलं. तो खुंटा धरून बसला, ऐकत राहिला. गोपाळपुरात जनाईचं जातं दाखवतात. काल्याला गेल्यावर आपल्या बायका त्या जात्याला हात लावून येतात. कित्येक जणी तिथं डोळे पुसतात. आम्ही एकदा एका म्हातारीला विचारलं, "आजी, काय मागितलं?" ती म्हणाली, "मागतीय कशाला बाप्पा, सांगून आले."

आता आपल्या जिल्ह्याचं सांगतो. वैजापूर तालुक्यात शिऊर आहे. तिथं संत बहिणाबाईंची समाधी. आपल्यापैकी पुष्कळजण दर्शनाला जाऊन आले असतील, पण तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. शिऊरकडं गेलेली पोरं तर विचारतात, "अरे संसार संसारवाली बहिणाबाई का?" ती नव्हे. ती खानदेशची, तिचं मागून सांगू. ही तिच्या अडीचशे वर्षं आधीची. जन्म 1628 सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. बाप गावचा कुलकर्णी. अगदी लहानपणी लग्न झालं, नवरा बिजवर, वयानं कितीतरी मोठा, आणि रागीट. भाऊबंदकीत घर बुडालं आणि सगळं कुटुंब रातोरात गाव सोडून निघालं. गोदाकाठ, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं भीक मागत मागत कोल्हापूरला जाऊन पोचलं. तेव्हा बहिणाबाई अकराएक वर्षांची पोर.

कोल्हापूरला नवऱ्याला एक गाय दानात मिळाली. तिला वासरू झालं. ते वासरू ह्या पोरीच्या मागं लागलं. ती पाण्याला गेली की ते मागं, ती कीर्तनाला गेली की तेही कीर्तनात. तिच्याशिवाय चारा खाईना, पाणी पिईना. तिथं जयरामस्वामींची कीर्तनं चालू होती. एके दिवशी गर्दी फार, लोकांनी वासराला बाहेर हाकललं. ते बाहेर हंबरू लागलं, आत ही पोर रडू लागली. जयरामस्वामींनी कीर्तन चालू असताना विचारलं, काय झालं? लोकांनी सांगितलं. स्वामींनी वासराला आत आणवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोरीच्या डोक्यावरूनही फिरवला. एवढंच. पण गावात बोभाटा झाला. कुणीतरी नवऱ्याच्या कानावर तिखटमीठ लावून घातलं. नवऱ्यानं तिला वेणी धरून मारलं, बांधून घातलं. तिकडं गाईनं आणि वासरानं चारा सोडला. थोड्या दिवसांत वासरू गेलं. पोर बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तिला तुकोबारायांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला.

नवऱ्याला तर अंगाची आग झाली. ब्राह्मणाच्या बायकोनं कुणब्याला गुरू करावं! तो घर सोडून जायला निघाला. मग दुखण्यानं अंथरुणाला खिळला, हिनं सेवा केली, त्याचं मन पालटलं, आणि सगळे देहूला गेले. देहूत मंबाजीनं छळलं ते वेगळंच. शेवटी शिऊरला येऊन राहिली, संसार केला, 1700 साली बहात्तराव्या वर्षी देह ठेवला.

हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं? तिनं स्वतः. बहिणाबाईंनी अभंगांत आपलं चरित्र सांगितलं आहे. कोणत्या गावी राहिलो, कुणाच्या घरी उतरलो, नवरा कसा बोलला, किती मारलं, वासरू कसं हंबरलं, पोटात लेकरू असताना जीवाचं काय झालं. आणि शेवटच्या दिवसांत मुलाला जवळ बोलावून घेतलं, विठोबा त्याचं नाव, आणि त्याला आपले मागचे बारा जन्म आणि हा तेरावा सांगितला. बाई मरायला टेकलेली आहे, मुलगा ऐकतो आहे. तीनशे वर्षांमागच्या आपल्या मुलखातल्या बायकांचं जिणं कसं होतं हे राजेरजवाड्यांच्या कागदात सापडत नाही. ते शिऊरच्या बाईनं सांगितलं आणि कुणी ऐकून घेतलं म्हणून आपल्या हाती आलं. 1929 साली जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन साहेबानं ते इंग्रजीत नेलं. साता समुद्रापलीकडच्या लोकांनी शिऊरची गोष्ट वाचली, आणि शिऊरपासून दोन कोसांवरच्या पोरांना ती माहीत नाही.

काही कीर्तनकार मंडळी म्हणतात, कीर्तनात घरगुती रडगाणी आणू नयेत, नाम आणि रूप सोडू नये. चिंतनाचा अभंग घेतला की त्याला धरून बोलावं हे आम्हांलाही मान्य आहे, आमच्या गुरूंनी तेच शिकवलं. हल्ली तर विनोदाची कीर्तनं निघाली आहेत, ती आम्हांला पसंत नाहीत. पण वासराची गोष्ट घरगुतीच आहे की नाही? जयरामस्वामींनी चालू कीर्तन थांबवून एका पोरीचं रडणं ऐकलं. आमच्या मते त्या दिवशीचं कीर्तन तिथंच पूर्ण झालं.

खानदेशच्या बहिणाबाईंचं सांगतो म्हटलं होतं. बहिणाबाई चौधरी, आसोद्याच्या, जन्म 1880. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपाशी गाणी म्हणायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक, ह्यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. 1951 साली बाई गेल्या. मग ते कागद सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952 साली पुस्तक झालं. म्हणजे दोन बहिणाबाई, दोघींमध्ये अडीचशे वर्षं, आणि दोघींचं आईचं बोलणं मुलानं ऐकलं. नाहीतर आईचं बोलणं कोणता मुलगा ऐकतो! आपल्या घरात बघा.

ऐकून लिहिणाऱ्यांत महिपतीबुवांना विसरून चालणार नाही. राहुरीकडचं ताहराबाद. तिथले कुलकर्णी. सांगतात की पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, तेव्हा हिशोबाचं काम आटोपून आल्यावर त्यांनी कानावरची लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, आता ही संतांसाठीच उचलायची. 1762 साली भक्तविजय पुरा केला, 1774 साली भक्तलीलामृत. आज गोरोबांचं मडकं, सावतोबांचा मळा, जनाईच्या गोवऱ्या हे जे आपण कीर्तनात सांगतो त्यातलं निम्मं त्यांनी गोळा केलेलं आहे. संतांच्या घरातल्या गोष्टी आहेत ह्या. चूल, मडकं, भाजी, लेकरू.

बायकांचं ऐकणारं पूर्वी जातं होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या आणि पोटातलं ओवीत सांगायच्या. सासू झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायची. पुण्याच्या हेमा राईरकर बाई आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवाँ ह्यांनी गावोगाव फिरून ह्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरल्या. लाखावर ओव्या, आणि म्हणणाऱ्या सगळ्या शेतकऱ्या-मजुरांच्या बायका. आपल्या भागात विजेची गिरणी आली आणि जातं दाराबाहेर गेलं, कुणी त्याची पायरी केली. दळणाचा त्रास गेला हे चांगलंच झालं, आमच्या आईच्या हाताचे घट्टे आम्ही पाहिलेले आहेत. पण ओवी कुठं म्हणायची? आमचा समज असा की ती दिंडीत आली. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका भजनाच्या मधे मधे एकमेकींना जे सांगतात ते तेच आहे. एकदा दिघोळच्या अलीकडं एका सुनेनं, नऊ वर्षं घरात कुणाशी न बोललेली गोष्ट, शेजारून चालणाऱ्या परक्या गावच्या बाईला सांगितली. कोणती ते आम्ही लिहिणार नाही. त्या दोघी आता दरसाल एकत्र चालतात, बहिणीसारख्या, आणि दिवाळीला एकमेकींकडं फराळ पोचतो.

आपल्या दिंडीचा जुना इतिहासही असाच कानांनी आला आहे. दिंडी निघाली तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पाटोद्याला निजामाचा मुलूख. खर्ड्याला गेलं की इंग्रजांचा. परांड्याला पुन्हा निजामाचा. आणि करकंबाला परत इंग्रजांचा. एका वारीत पुन्हा पुन्हा सरहद्द ओलांडायची. निजामाकडं हाली रुपया, इंग्रजांकडं कलदार. हाली रुपया तिकडं चालायचा नाही, चालला तरी वाणी कमी धरायचा. नाक्यावर करोडगिरीचे लोक गाठोडी सोडून बघायचे. आमचे आजोबा सांगायचे, एका बाईनं मुलाच्या आजारात बोललेला नवसाचा कलदार चोळीत शिवून नेला होता. नाक्यावर तपासणी आली तसं तिनं मोठ्यानं भजन धरलं आणि सगळ्या बायकांनी धरलं, आणि भजन काही संपेना, शेवटी नाकेदार कंटाळून म्हणाला, जा. ही गोष्ट आम्ही लहानपणी खर्ड्याच्या मुक्कामात ऐकली. खर्डा म्हटलं की शाळेत 1795 ची लढाई सांगतात, मराठ्यांची आणि निजामाची. आम्हांला खर्डा म्हटलं की तो नवसाचा रुपया आठवतो.

रझाकाराच्या धामधुमीचं, सतरा सप्टेंबर 1948 ला राज्य गेलं त्याचं, बहात्तरच्या दुष्काळाचं, खडी फोडल्याचं, सुकडीचं आणि मिलो ज्वारीच्या भाकरीचं असंच. बहात्तरला घरात दाणा नसतानाही माणसं वारीला निघाली. एका म्हाताऱ्याला विचारलं, "खायला नव्हतं तर चाललात कसं?" तो म्हणाला, "घरी बसलं की उपास एकट्याचा व्हतो. हितं समद्यांचा व्हता."

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथं येतो.

आपल्या मराठवाड्यात दरसाल शेकड्यांनी शेतकरी जीव देतात. पेपरात आकडा येतो. आपल्या पंचक्रोशीत असं झालेलं नाही असं गाव दाखवा. सरकारी कारणं पुष्कळ आहेत आणि ती खोटी नाहीत. पाऊस नाही, भाव नाही, कर्ज आहे. ह्यातलं दिंडी काहीच करू शकत नाही. पण अशा घरी आम्ही दहाव्याला प्रवचनाला जातो, तेव्हा घरचे एकच वाक्य बोलतात. "एका शब्दानं बोलले नाहीत हो." बायको हेच म्हणते, भाऊ हेच म्हणतो. आपल्याकडं बाप्यानं रडू नये असं आहे. घरात सांगितलं तर बायको घाबरेल, पारावर सांगितलं तर पत जाईल, सावकारापुढं सांगून उपयोग नाही.

2015 ची वारी. त्याच्या आदल्या सालीही पाऊस दगा देऊन गेला होता, आणि त्या सालीही पहिल्या पावसावर पेरलेलं डोळ्यांदेखत जळत चाललं होतं. शेजारच्या गावचा एक गृहस्थ, चाळिशी ओलांडलेला, पहिल्यांदाच दिंडीत आला. टाळ चांगला धरायचा. पण बोलायचा नाही. "माउली, जेवलात का?" म्हटलं की मान हलवायचा. चार-पाच मुक्काम असेच गेले. खर्ड्याला रात्री सगळे निजले, आमच्या अंथरुणाशी येऊन बसला. "बुवा, जागे हाव का?" म्हटलं, "जागाच आहे, बसा." मग तो बोलायला लागला. विहीर ढासळली. दोनदा बी मोडलं. बायकोच्या गळ्यातलं एकाकडं गहाण पडलं, आणि तो माणूस दारात येऊन पोरांदेखत नको ते बोलून गेला. पहाटेचा काकडा सुरू होईपर्यंत बोलत होता. शेवटी म्हणाला, "घरून निघालो तव्हा ठरवलं व्हतं, एकडाव पांडुरंगाचं तोंड बघू, मंग मागं फिरायचंच नाही."

आम्ही त्याला काही शिकवण दिली नाही. संसार नाशिवंत आहे असलं तर मुळीच बोललो नाही. तो म्हणत गेला आणि आम्ही "हां, मग?" एवढंच म्हणत गेलो. उजाडल्यावर त्याला विचारून वीणेकऱ्यांच्या कानावर घातलं. त्या दिवसापासून त्याच्या शेजारी कुणीतरी चालायचंच, असं ठरलं, पण त्याला कळू दिलं नाही. गोपाळपूरचा काला झाला, आणि परत आल्यावर आपल्या दिंडीतले चौघं त्याच्या घरी गेले. भावाला बसवलं, बायकोला बसवलं, त्याच्याच तोंडून सगळं पुन्हा सांगायला लावलं. गहाणाची बोलणी गावातल्या दोघां जाणत्यांना मधे घालून चार हप्त्यांवर आली. तो आजही येतो. दिंडीच्या पाण्याच्या टँकरची जबाबदारी त्याच्याकडं आहे. हे लिहिण्याआधी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "नाव सोडून समदं लिहा."

त्याच साली आपल्या दिंडीचा एक जुना टाळकरी वारीला आला नाही. तब्येत बरी नाही असा निरोप होता. श्रावणात तो गेला, त्याच कारणानं. दहावं झाल्यावर त्याची बायको दिंडीच्या मठात आली आणि त्याचा टाळ देऊन गेली. तो टाळ मठात खुंटीला आहे. कुणी वापरत नाही.

2020 साली करोनामुळं पायी वाऱ्या बंद झाल्या, संतांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. पुढचं सालही घरीच गेलं. त्या दोन वर्षांत काय चुकलं असं म्हाताऱ्या वारकऱ्यांना विचारलं, तर विठ्ठलाचं दर्शन चुकलं असं थोड्यांनीच सांगितलं. दर्शन मनानं होतं. पुष्कळजण म्हणाले, बोलायला माणूस नव्हतं.

आता पुढच्या शंभर वर्षांचं कारभाऱ्यांनी बघावं, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. दिंडीच्या गाडीवर भोंगा लावलेला आहे, तो चालताना दिवसभर चालू असतो. भजन तोंडानं म्हणायचं असतं, भोंग्यानं नाही, आणि भोंगा चालू असला की शेजारचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. तो विसाव्याला तरी बंद ठेवावा. दुसरं, पूर्वी सगळ्यांची एकच राहुटी होती, आता गावागावाचे तंबू वेगळे. सोयीचं आहे, पावसात गैरसोय होत नाही. पण खर्ड्याच्या रात्री तो माणूस आमच्या अंथरुणाशी आला तो एकच राहुटी होती म्हणून. जेवण झाल्यावर तासभर तरी सगळ्यांनी एका ठिकाणी बसावं.

आपल्याकडं रात्रीचं कीर्तन झालं की वीणेकरी विचारतात, "कुणाचं काही राहिलं का?" ही आपल्या दिंडीची जुनी चाल आहे. पूर्वी ह्याचा अर्थ हरवलं-सापडलं एवढाच होता. अलीकडं माणसं दुसरंही सांगतात. मागच्या वारीपासून आम्ही एक शंभरपानी वही ठेवली आहे. दिंडीत दहावीत गेलेली एक मुलगी होती, आजीबरोबर आलेली, अक्षर मोत्यासारखं. तिच्याकडं लिहायचं काम दिलं. सांगणाऱ्यानं हो म्हटलं तरच लिहायचं, आणि नाव नको म्हटलं तर नाव नाही. वही वीणेच्या पेटीत असते. पहिल्या पानावर तिनं लिहिलंय ते असं: रायमोह्याच्या पुढं एका माउलीची डाव्या पायाची चप्पल तुटली, ती एका पाथर्डीकडच्या माउलींनी शिवून दिली. खाली लिहिलंय: एका आजीला सुनेनं येताना स्वतःहून नवं लुगडं घेतलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, हे सगळ्यांना सांगा म्हणाल्या. त्याच्या खाली: एका बाबांचा बैल निघायच्या आदल्या दिवशी गेला, नाव सर्जा, अकरा वर्षं होता. बाबा एवढंच बोलून बसले. मग सगळे थोडा वेळ गप्प होते.